फोटोतला तो "विदेशी विषारी कोळी" आपल्याच घरातला आहे

सध्या सांगली, मिरज, तासगावच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, सोबत भिंतीवर बसलेल्या एका मोठ्या तपकिरी कोळ्याचा फोटो. ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो त्यात काय लिहिलंय ते. "आफ्रिकन ब्राउन रेक्लूस" नावाचा जीवघेणा कोळी केळीच्या कंटेनरमधून आपल्या भागात शिरलाय, पाठीवर व्हायोलिनची खूण असते, पोटाखाली पांढरी विषाची पिशवी असते ती फुटली की विष उडतं, अंगावरून नुसता चालत गेला तरी फोड येतात, चावला तर दोन तासात माणूस संपतो, भारतात त्याच्यावर इंजेक्शनच नाही, आसाममध्ये माणसं मेलीत. आणि शेवटी उपाय दिलाय, चावलेल्या जागी ब्लेडने चिरा मारा, रक्त काढा, चुना लावा, घरात दिसला की बागेचं औषध पंपाने मारा नाहीतर पेटवून टाका. खाली मोठ्या अक्षरात "जनहितार्थ".

पुढं पाठवणाऱ्यांना मी दोष देत नाही, घरात लहान पोरं असली की माणूस घाबरतो आणि घाबरला की पाठवतो. पण शेवटचा जो उपायांचा भाग आहे ना तो वाचून मला राहवेना, कारण कोळी कुणाला काही करो न करो, तो उपाय केला तर नक्की काहीतरी होणार. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे फोटो. झूम करून बघा. अंग चपटं, पाय लांब आणि खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, डोळ्यांच्या खाली एक फिकट पिवळसर आडवी पट्टी. हा हंट्समन कोळी आहे, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. लिनियस ह्या शास्त्रज्ञाने १७६७ सालीच ह्याला नाव दिलंय, म्हणजे जगाला माहीत असलेला हा जुनाच प्राणी. एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत ७ ते १२ सेंटीमीटर भरतो त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. दिवसभर फ्रेमच्या मागं, मीटरच्या पेटीत, न्हाणीघराच्या दाराआड, गोठ्याच्या वाशांच्या फटीत चपटा होऊन बसतो आणि रात्री बाहेर पडून झुरळं धरतो. आपल्याकडं जुन्या बायका कोळ्याला कातीण म्हणायच्या आणि माळ्यावरच्या कातणीला कुणी उगाच हात लावायचं नाही.

आता "आफ्रिकन ब्राउन रेक्लूस" ह्या नावातच घोळ आहे. ब्राउन रेक्लूस हा अमेरिकेतला कोळी, तिथल्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांतला. आफ्रिकेचा आणि त्याचा संबंध नाही. केळीचं म्हणाल तर जगात सगळ्यात जास्त केळी आपल्याच देशात पिकतात, आपल्या बाजारात जळगाव-सोलापूरकडनं नाहीतर आपल्याच नदीकाठच्या रानातनं माल येतो, परदेशातनं कंटेनर भरून केळी कोण कशाला आणेल सांगलीत. ही केळीची गोष्ट मुळात दुसऱ्याच देशातली. ब्राझीलमध्ये फोन्यूट्रिया नावाचा खरोखर विषारी भटका कोळी आहे आणि युरोप-अमेरिकेत जाणाऱ्या केळीच्या खोक्यांत मोठा कोळी निघाला की लोक तोच समजून घाबरतात. तिकडची भीती इकडं भाषांतर होऊन आली, एवढंच झालंय.

आणि खरी गंमतीची बाब अशी की फोटोतला हंट्समन आपल्याकडं बाहेरनं आलेलाच नाही, प्रवास उलटा झालाय. हा मूळचा आशियातल्या उष्ण भागातला मानला जातो आणि जहाजांतल्या मालाबरोबर तो जगभर गेला, आज फ्लोरिडापासून हवाईपर्यंत घराघरात सापडतो.

मग आत्ताच एवढे दिसायला का लागले असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं कारण साधं आहे. हे मेसेज बहुतेक पावसाळ्यात नाहीतर दसऱ्याच्या तोंडावर सुटतात. पावसात रानातले किडे घराकडं वळतात, त्यांच्या मागं कोळी येतात. आणि दसरा काढताना आपण घरातली वाकळ-वाकळ, ट्रंक-ट्रंक बाहेर काढतो, वर्षभर ज्या फटीला हात लागला नाही ती फट उघडी पडते, मग आत बसलेला सैरावैरा पळतो आणि आपण फोटो काढतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर कृष्णाकाठच्या गावांत पाणी चढेल तसे साप, विंचू, किडे, कोळी सगळेच वर वर आले होते. ते आधीपासनं तिथंच होते, फक्त तेव्हा आपल्याला दिसले.

"पाठीवर व्हायोलिनची खूण". ही खूण ऐकायला सोपी आणि ओळखायला अगदीच बेभरवशाची. कोळ्याच्या पुढच्या भागावर गडद डाग असणं ही फार सामान्य गोष्ट आहे, नर हंट्समनच्या पाठीवर पण गडद नक्षी असते, आणि एकदा डोक्यात व्हायोलिन बसलं की प्रत्येक डागात व्हायोलिन दिसतं. जाणकार माणूस रेक्लूस ओळखताना डोळे मोजतो. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, रेक्लूसला सहा, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. हंट्समनला आठ, दोन ओळींत. मोबाईलचा फोटो पुढून नीट काढला तर हे दिसतं सुद्धा. शिवाय आकार बघा, रेक्लूसचं अंग साधारण सेंटीमीटरभर, आणि फोटोतला हा पंज्याएवढा पसरलेला, हे दोघं एक होऊच शकत नाहीत.

पूर्ण खरं सांगायचं तर रेक्लूसच्या गटातली एक जात, भूमध्य समुद्राकडची, तिची भारतात नोंद झालेली आहे. पण ती बारकी, लाजाळू, अंधाऱ्या कोपऱ्यात राहणारी आहे आणि मेसेजमधल्या फोटोशी तिचा काही संबंध नाही. आणि सहा डोळे दिसले म्हणजे झालं असंही नाही, कारण आपल्या घरात आणखी एक सहा डोळ्यांचा असतो, थुंकणारा कोळी. बारीक पट्ट्यापट्ट्यांचे पाय, डोक्याचा भाग मागून घुमटासारखा फुगलेला, चाल एकदम संथ. हा किड्यावर लांबनं चिकट धागा थुंकून त्याला जागेवर चिकटवतो, माणसाला काही करत नाही. ह्या बिचाऱ्याचा फोटो पण "रेक्लूस सापडला" म्हणून फिरतो.

ज्यांना अजून भीती वाटतेय त्यांनी अमेरिकेतली एक नोंद लक्षात ठेवावी. कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा गावात एका घरात २००१ साली सहा महिन्यांत २०५५ ब्राउन रेक्लूस पकडले गेले. अस्सल, खरेखुरे ब्राउन रेक्लूस. चार माणसांचं कुटुंब त्या घरात वर्षानुवर्षं राहत होतं आणि कुणालाही विषबाधा झालेली नव्हती. ज्या कोळ्याच्या नावानं सांगलीत घबराट आहे तो खरोखर घरात हजारोंनी असताना हे असं झालं. कोळी माणसाच्या मागं लागत नाही, तो दाबला गेला, कपड्यात अडकला तरच चावतो.

"पोटाखाली पांढरी विषाची पिशवी". ह्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय कारण ह्याच्यामुळं लोक नेमक्या मादीला मारतायत. ती पिशवी अंड्यांची आहे. मी स्वतः आमच्या लोखंडी कपाटाच्या मागच्या बाजूला अशी मादी बॅटरी लावून निवांत बघितलीय. रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी, पांढुरकी गोल चकती, कागदासारखी घट्ट विणलेली, आणि ती तिनं छातीखाली धरलेली, तोंडाजवळच्या दोन लहान पायांसारख्या अवयवांनी सावरून. जरा उजेड जवळ नेला की ती चकतीसकट आडवी सरकते, पाठ न फिरवता, सरळ बाजूला, आणि चकती काही सोडत नाही. त्यात दीडशे-दोनशे अंडी किंवा त्याहून जास्त असतात. पिल्लं निघेपर्यंत ती हे ओझं घेऊन फिरते आणि त्या काळात शिकार पण फार करत नाही. ती पिशवी फुटली तर बाहेर येणार ती अंडी नाहीतर बारकी बारकी पिल्लं, विष उडायचा प्रश्नच नाही. कोळ्याच्या विषाच्या ग्रंथी पुढं असतात, तोंडाच्या दातांशी जोडलेल्या, पोटाशी त्यांचा संबंध नाही. हे शाळेतल्या पोराला सुद्धा एकदा दाखवलं की आयुष्यभर विसरत नाही.

आणखी एक, कधी कधी लोक "मेलेला कोळी" म्हणून फोटो टाकतात तो मेलेला नसतो, ती नुसती कात असते. कोळी वाढताना कात टाकतो, वरचं झाकण उघडल्यासारखं दिसतं आणि आत पोकळ. आठही पाय जागच्या जागी, त्यामुळं फसायला होतं.

आता मुख्य, "चावला की दोन तासात मृत्यू". हंट्समन चावू शकतो, हातात दाबला तर चावेल, मधमाशीसारखं दुखेल, जरा सूज येईल, लाल होईल आणि थोड्या वेळानं कमी होईल. हंट्समनच्या विषानं माणूस दगावल्याची नोंद नाही. जगात कोळ्यांच्या ५०,००० च्या वर जाती आहेत, हा आकडा २०२२ मध्येच ओलांडला गेला, त्यातल्या भारतात अठराशेच्या वर, आणि माणसाला खरोखर धोका होईल अशा जगभरात मिळून मोजक्याच.

आसामचं काय ते पण सांगतो, कारण ती बातमी खरी होती आणि म्हणूनच ती अर्धी करून वापरली जाते. २०१२ मध्ये तिनसुकिया जिल्ह्यातल्या सदियामध्ये कोळी चावल्याच्या तक्रारी आल्या, दोन मृत्यू झाल्याच्या बातम्या छापून आल्या. जे कोळी सापडले ते जमिनीत बिळं करून राहणाऱ्या केसाळ टॅरंटुला गटातले होते, आपल्या फोटोतल्या कोळ्याशी काहीच नातं नाही. मृत्यू विषानं झाले हे सिद्ध झालं नाही. आणि त्या लोकांना आधी गावातल्या मांत्रिकाकडं नेलं होतं, तिथं ब्लेडनं चिरून रक्त काढलं होतं. परत वाचा, ब्लेडनं चिरून. आपला मेसेज त्या आसामचं नाव घेऊन भीती घालतो आणि उपाय म्हणून तोच ब्लेड आपल्या हातात देतो.

"भारतात इंजेक्शन नाही" हे वाक्य तेवढं अर्धवट खरं आहे पण अर्थ उलटा लावलाय. कोळ्याच्या विषावरचं इंजेक्शन जिथं गरज पडली तिथं बनलं. ऑस्ट्रेलियात रेडबॅक कोळ्यावर १९५६ मध्ये, फनेल वेबवर १९८१ मध्ये, आणि त्यानंतर तिथं फनेल वेबनं कुणी गेलेलं नाही. आपल्या घरातल्या कोळ्यांच्या चाव्याला तसल्या इंजेक्शनची गरजच नसते, वेदनेवर गोळी, सुजेवर बर्फ, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर ते, आणि काही वेगळं वाटलं तर डॉक्टर.

खरी काळजी मला वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्याकडं रात्री झोपेत काहीतरी चावलं आणि दिसलं नाही की "कोळी-बिळी चावला असंल" म्हणून झोपून राहतात. सांगली-साताऱ्यात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाला रात्री चावणारा प्राणी कोण हे जुन्या माणसांना विचारा, मण्यार. मण्यारीचे दात इतके बारीक की खूण धड दिसत नाही, सूज येत नाही, दुखत पण नाही फारसं. मग पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, गिळता येत नाही, आणि त्यानंतर श्वास. ह्याच्यावर इंजेक्शन आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारींवर चालणारं, सिव्हिलला मिळतं, पण वेळेत पोचलं तर. कोळ्याच्या नावावर चार तास गेले तर माणूस हातचा जातो. तेव्हा रात्री काही चावलंय आणि पापण्या मिटायला लागल्यात, अशा वेळी कोळी होता का काय होता हे शोधत बसू नका, १०८ ला फोन करा, सरळ दवाखाना.

दुसरा लाल विंचू. आपल्या माळरानाला, दगडाच्या ताली, विटांचे ढीग, सरपण, सगळीकडं. त्याच्या दंशानं, विशेषतः लहान पोरांचे जीव जायचे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि त्यानंतर चित्र बदललं. ज्या ग्रामीण डॉक्टरला हे माहीत आहे तो पोर वाचवतो. लाल विंचू चावला आणि दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार असं काही दिसलं तर एक मिनिट घालवायचं नाही. आपल्या भागात विषारी कशाला म्हणायचं तर ह्यांना, आणि त्यांच्याबद्दल असे मेसेज कुणी फिरवत नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

तिसरं पण आहे. अंगावर एखादी काळी खपली, वरनं ताप, डोकं दुखणं, आणि घरात म्हणतात कोळी चावल्याचं विष चढलंय. हा स्क्रब टायफस असू शकतो, गवतातल्या अगदी बारक्या किड्याच्या चाव्यातनं होणारा. डॉक्सिसायक्लिन नावाच्या साध्या गोळीनं बरा होतो, पण ओळखायला उशीर झाला तर भारी पडतो. रानात काम करणाऱ्या बायकांनी काखेत, कमरेला, मांडीवर अशी खपली दिसली तर लाजू नये, डॉक्टरला दाखवावी.

"अंगावरून चालत गेला तरी फोड येतात". हे तर आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, कोळी मुतला म्हणतात. सकाळी उठल्यावर मानेवर, गालावर रेघेसारखे लाल चट्टे, त्यावर पाण्याचे फोड, आग आग. चट्टे खरे आहेत, त्रास खरा आहे, पण करणारा कोळी नाही. कोळ्याची विष्ठा पांढरट, घट्टसर ठिपक्यासारखी असते, भिंतीवर चुन्याचा थेंब पडल्यासारखी दिसते, तिनं कातडी जळत नाही. पावसाळ्यात ट्यूबलाईटला येणारा एक बारका लांबुळका किडा असतो, सेंटीमीटरभरही नसेल, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसतो, त्याला रोव्ह बीटल म्हणतात. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला आणि आपण झोपेत हातानं चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं आणि दुसऱ्या दिवशी तिथं चट्टा उठतो. हात ज्या दिशेनं फिरला त्या दिशेनं रेघ. कोपराच्या घडीत झालं तर घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच डाग उठतो, कारण हात दुमडला की एकाचं दुसऱ्याला लागतं. असा किडा अंगावर दिसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा, आणि चुकून चिरडला तर लगेच साबणानं धुवा.

आणि फोड एकाच बाजूला, पाठीवरनं पोटाकडं पट्ट्यानं, आधी दोन दिवस ठणका असेल तर ती नागीण. तिच्यावर गोळ्या आहेत आणि त्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त चांगला उपयोग होतो. "कोळी मुतलाय" म्हणून गेरू लावून, मंत्र मारून ते तीन दिवस निघून जातात, आणि मग म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने ठणका राहतो. तापात ओठावर फुटणारा जर (पुळ्या) पण तसाच, विषाणूचा, त्यात कोळ्याचा काय दोष.

ब्लेड आणि चुन्याबद्दल वर आलंच आहे, परत एकदा स्पष्ट लिहितो. चिरू नका, चोखू नका, दोरी बांधू नका, चुना लावू नका. चुन्यानं कातडी भाजते, चिरल्यानं जखमेत पू होतो आणि डॉक्टरला मूळ खूण काय होती तेच कळत नाही. साबण-पाण्यानं धुवा, गार पट्टी ठेवा. कोळी हातात आला असेल, मेलेला चालेल, चिरडलेला पण चालेल, बाटलीत घालून सोबत न्या.

आता औषध मारायचं. आपल्याकडं तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ ह्या पट्ट्यात घरोघरी द्राक्षाची औषधं पडलेली असतात आणि पंप पण तयार असतो, त्यामुळं हा सल्ला इथं फार धोक्याचा आहे, शहरातल्या माणसाला ते कळणार नाही. रानात मारायचं औषध मोकळ्या हवेत मारायला बनवलेलं असतं, तिथंसुद्धा मास्क-हातमोजे घाला म्हणून डब्यावर लिहिलेलं असतं. ते बंद खोलीत मारलं की फरशीवर, गादीवर, भांड्यांवर बसतं, आणि रांगणारं पोर तिथं हात लावून तोंडात घालतं. तोंडाला फेस, डोळ्याच्या बाहुल्या बारीक, घाम, श्वास लागणं, असे पेशंट दवाखान्यांना नवीन नाहीत. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस ह्या दोन्हींवर तर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदीच आहे, तरी जुन्या डब्यातलं काढून घरात मारणारे आहेत. कृपा करून नको. आणि पेटवून टाका म्हणणाऱ्यानं स्वयंपाकघरात गॅसची टाकी कुठं असते एवढा तरी विचार करायचा होता.

मग अनोळखी कोळी दिसला तर ओळखायचा कसा? आधी तो कुठं आणि कसा बसलाय ते बघा, निम्मं काम तिथंच होतं. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, केसासारखे लांब पाय, हात लावायला गेलं की जाळ्यासकट गरागरा हलतो, तो आपला रोजचा जळमटवाला कोळी, डास खातो. त्याची मादी अंड्यांचा पुंजका चक्क तोंडात धरून बसते. भर दिवसा भिंतीवर टुणकन उडी मारणारा, बुटका, आपण जवळ गेलो की वळून आपल्याकडं बघणारा, पुढं दोन मोठे डोळे, तो उड्या मारणारा कोळी, माश्या धरतो. बागेत इंग्रजी एक्ससारखी पांढरी नक्षी जाळ्याच्या मध्यावर काढून त्यावरच पाय जोडून बसलेली असते ती सिग्नेचर स्पायडर. जत-आटपाडीकडं बाभळीला मळकट पांढऱ्या कापसासारखं मोठं घरटं दिसतं, त्यात शेकडो कोळी एकत्र राहतात. कोयना, महाबळेश्वर, चांदोलीकडं झाडाझाडांच्या मधे सोनेरी धाग्याचं भलंमोठं जाळं आणि मधे काळी-पिवळी लांबट मादी, ती जायंट वूड स्पायडर, तिचा नर तिच्यापुढं इतका बारका की वेगळाच किडा वाटावा. ह्यातलं कुणी माणसाला मारत नाही.

जपून राहायचं ते दोघांपासून. सह्याद्रीच्या जंगलाकडं जाड, केसाळ टॅरंटुला दिसला तर लांबनं बघा, उचलू नका. आणि मोकळ्यावर पडलेल्या खुर्च्या, कुंड्या, टायर ह्यांच्या खालच्या बाजूला वाटाण्यासारखं गोल गरगरीत पोट, त्याच्या खाली नारिंगी वाळूच्या घड्याळासारखी खूण आणि बाजूला काटेरी गोळीसारखी अंड्यांची पिशवी दिसली तर तो ब्राउन विडो, भारतात ह्याची नोंद आहे, चावला तर चांगलाच दुखतो. तिथं हात घालताना हातमोजा घाला.

फोटो काढायचा तर दोन काढा, एक वरनं पूर्ण पायांसकट, शेजारी भिंतीवर रुपयाचं नाणं धरता आलं तर बघा, आणि एक पुढून डोळ्यांचा. जाळं असेल तर जाळ्याचा वेगळा. कुठं सापडला, किती वाजता, हे लिहून ठेवा. नुसतं मोबाईलच्या ॲपनं दाखवलेलं पहिलं नाव खरं धरू नका, त्यातल्या नोंदी तपासणारी माणसं असतात, त्यांचं उत्तर येईपर्यंत दम धरा.

बाहेर काढायचा असेल तर मोठं पारदर्शक डबडं त्याच्यावर हळू उपडं ठेवायचं आणि खालनं लग्नपत्रिकेचा जाड कागद सरकवायचा. हंट्समन फार चपळ आहे म्हणून डबडं आधी पायांपेक्षा मोठं निवडा, नाहीतर पाय चेंगरतो. मादीनं अंडी धरली असतील तर तिला तशीच चकतीसकट गोठ्यात नाहीतर सरपणाच्या आडोशाला सोडा. आणि परत येऊ नये असं वाटत असेल तर तो कशासाठी येतो ते बघा, झुरळांसाठी. सिंकखाली ओल राहू देऊ नका, खरकटं रात्रभर ठेवू नका, मोरीच्या जाळीला बारीक जाळी लावा, दाराबाहेरचा दिवा रात्रभर जळत ठेवू नका. झुरळं कमी झाली की हा स्वतःहून दुसरं घर बघतो.